दुधातलं औषध, आईचा रिपोर्ट आणि दिल्लीतला आराखडा

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी सलग दोन दिवस दही लागलं नाही. डिसेंबरात असं झालं की नागपूरच्या थंडीला दोष देऊन आम्ही भांडं पिठाच्या डब्यात ठेवून देतो. पण ऑगस्टच्या दमट उकाड्यात पाच-सहा तासांत लागणारं दही सकाळपर्यंत पातळच राहिलं, वर नुसती साय. विरजण बदललं, शेजारच्या काकूंकडून नवं आणलं, तरी तेच.

तिसऱ्या दिवशी दूधवाल्या भाऊंना विचारलं, "भाऊ, दही नाही लागून राहिलं, काहून?" हिंगण्याकडे त्यांचा सात-आठ म्हशींचा गोठा आहे. माणूस सरळ. म्हणाले, "ताई, एका म्हशीले दगडी झाली होती. डॉक्टरनं सडात ट्यूब चढवली तीन दिवस. तिचं दूध बाकीच्यात गेलं."

दगडी म्हणजे कासदाह. कासेत जिवाणू शिरतात, कास सुजून दगडासारखी कडक होते, दुधात गाठी येतात. त्यावर अँटिबायोटिकची ट्यूब थेट सडातून आत सोडतात. ते औषध पुढचे काही दिवस दुधात उतरत राहतं. विरजण म्हणजे तरी काय, जिवंत जिवाणूच. दुधातल्या औषधाने ते मारले किंवा त्यांची वाढ रोखली आणि दही लागलं नाही. डेअऱ्यांमध्ये दुधातलं औषध पकडायच्या काही चाचण्या याच तत्त्वावर चालतात: दुधाच्या थेंबात जिवाणू वाढले तर रंग बदलतो, वाढले नाहीत तर दुधात काहीतरी आहे. आणि दूध उकळलं तरी यातली बरीचशी औषधं नष्ट होत नाहीत.

मला हे एवढं लागलं, कारण त्याच्या दोनच महिने आधी अँटिबायोटिक या शब्दाने आमच्या घरात झोप उडवली होती.

आई अडुसष्ट वर्षांची, मधुमेह आहे. जूनमध्ये तिला लघवीला जळजळ सुरू झाली. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. (बाहेरच्यांसाठी सांगते, नागपुरात 'मेडिकल' म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालयही आणि औषधाचं दुकानही, इथे दुकान.) चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही दाखवली नाही. तीन दिवसांत जळजळ थांबली, गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा त्याच गोळ्या. तिसऱ्या खेपेला हुडहुडी भरून ताप आला आणि तिला भरती करावं लागलं.

दोन दिवसांनी कल्चर रिपोर्ट आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लघवीतला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवतात आणि जेलीसारखा थर दिलेल्या गोल ताटलीवर पसरतात. त्यावर टिकल्यांएवढ्या कागदी चकत्या ठेवतात, प्रत्येक चकतीत वेगळं औषध. रात्रभरात जिवाणू ताटलीभर दाटून येतात. ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण राहतं, ते औषध त्यांना मारतं. जिच्या कडेपर्यंत जिवाणू येऊन भिडतात, ते औषध त्यांच्यापुढे पाणी. कागदावर पहिल्याला 'एस' लिहितात, दुसऱ्याला 'आर'. आईच्या रिपोर्टवर जिवाणूचं नाव होतं ई. कोलाय, आणि खाली ओळीने आर, आर, आर. सेफिक्सिम आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. मी दोनदा आणून दिलेली गोळी, तीही आर. शेवटच्या काही ओळींत एस, त्यात मेरोपेनेम, साधी औषधं हरली की वापरायचं जड अँटिबायोटिक. ते सलाईनमधून, दर आठ तासांनी, सात दिवस.

आई बरी झाली. डॉक्टर मॅडमना मी म्हटलं, "तिच्या शरीराला या गोळ्यांची सवय झाली असेल ना?" त्या म्हणाल्या, "शरीराला नाही हो. जिवाणूला."

हा फरक समजला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. ई. कोलायला पोटभर खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री नऊला एक असला तर पहाटे पाचला दीड कोटीच्या वर. एवढ्या नकला करताना चुका होतातच, आणि एखाद्या चुकीमुळे एखादा जिवाणू असा निपजतो की औषध त्याला लागू पडत नाही. कुणी औषध फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतो, कुणी आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, कुणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतो. एरवी असा जिवाणू गर्दीत हरवून जातो. पण औषध आलं की बाकीचे मरतात आणि मोकळं रान याला मिळतं. औषध त्याला घडवत नाही, त्याची निवड करतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं आणि १९४५ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्याच व्यासपीठावरून त्यांनी अपुऱ्या मात्रेने जिवाणूंना तयार करण्याच्या धोक्याबद्दल बजावलं होतं.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे जिवाणू ही युक्ती एकमेकांना देतात. त्यांच्या पोटात मुख्य जनुकांखेरीज डीएनएची छोटी सुटी वर्तुळं असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. परीक्षेत चिठ्ठी पुढच्या बाकावर सरकवावी तसा एक जिवाणू प्लाझ्मिड दुसऱ्याला देतो, आणि घेणारा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. कोंबडीच्या आतड्यातला निरुपद्रवी जिवाणू माणसाच्या आतड्यातल्या रोगकारक जिवाणूला ही चिठ्ठी देऊ शकतो. मधला रस्ता शेणखत, नाला, मांस कापणाऱ्याचे हात, न धुतलेली भाजी, काहीही असू शकतो. म्हणून माणसांचं औषध आणि जनावरांचं औषध असे दोन वेगळे हिशेब ठेवून भागत नाही.

आकडे एकदाच सांगते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी या जिवाणूंचा संबंध होता. भारतातले थेट मृत्यू सुमारे २ लाख ९७ हजार, संबंध असलेले १० लाखांच्या वर. 'थेट' म्हणजे तोच संसर्ग साध्या औषधाला दबणारा असता तर माणूस वाचला असता. 'संबंध' म्हणजे संसर्ग होता, तो औषधाला दाद देत नव्हता, पण इतर कारणंही होती. 'न्यूमोनियाने गेले', 'ऑपरेशननंतर सेप्टिक झालं', 'बाळाला जंतुसंसर्ग झाला', असं आपण घरात म्हणतो, त्यातले कितीतरी या हिशेबात बसतात. अतिदक्षता विभागात फुप्फुसात शिरणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जिवाणू आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अलीकडच्या अहवालांत, तपासलेल्या दहापैकी जवळपास नऊ नमुन्यांत त्याने मेरोपेनेमच्या जातीच्या औषधांनाही दाद दिलेली नाही. म्हणजे आईला ज्याने वाचवलं, तेच औषध.

आता जनावरांकडे. त्यांना अँटिबायोटिक तीन कारणांनी दिलं जातं. एक, आजार झाला म्हणून. यात वाद नाही, दगडी झालेली म्हैस तशीच तडफडत ठेवायची नसते. दोन, आजार होऊ नये म्हणून सगळ्या कळपाला आधीच. तीन, वजन वाढावं म्हणून खाद्यातून रोज थोडं थोडं. हे तिसरं कारण सगळ्यात वाईट, कारण थोडी मात्रा आणि बरेच दिवस यापेक्षा चांगली शाळा जिवाणूंना मिळणार नाही. दाटीवाटीने वाढवलेल्या, चाळीसेक दिवसांत विक्रीला निघणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये दुसरं आणि तिसरं कारण कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं, हेही सांगणं अवघड.

कोलिस्टिनची गोष्ट या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते. हे १९४०च्या दशकातलं जुनं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून पुढे डॉक्टरांनी ते जवळजवळ सोडून दिलं. माणसांनी टाकलेलं हे स्वस्त औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात गेलं. मग मेरोपेनेमसारखी औषधंही हरू लागली, तेव्हा डॉक्टरांना कोलिस्टिनची आठवण झाली. आज ते अगदी शेवटचं औषध आहे, त्याच्या मागे फारसं काही उरत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला हरवणारं जनुक प्लाझ्मिडवर बसलेलं सापडलं आहे: डुकरांत, बाजारातल्या मांसात आणि रुग्णालयातल्या माणसांतही. खाद्यातून शिकलेला धडा खाटेपर्यंत पोचला होता.

चीनने २०१७ मध्ये वजनवाढीसाठी कोलिस्टिन बंद केलं. भारताने जुलै २०१९ मध्ये, अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यशेतीत आणि पशुखाद्यात ते वापरण्यासाठी बनवणं, विकणं, वाटणं सगळ्यावर बंदी घातली. आपल्याकडे या विषयात घेतलेल्या निर्णयांपैकी मी हा सर्वात ठाम मानते, कारण इथे कुणाला सल्ला दिलेला नाही, वस्तूच काढून घेतली आहे. आणि अशी बंदी वाया जात नाही. चीनमध्ये बंदीनंतर जनावरांत आणि माणसांतही त्या जनुकाचं प्रमाण खाली आलेलं आढळलं. आशेला जागा आहे ती याच पुराव्यामुळे.

बाकी राष्ट्रीय प्रयत्न तुकड्यातुकड्यांनी उभे राहिले आहेत. २०१३ मध्ये आयसीएमआरने मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांचं जाळं विणायला घेतलं. आईच्या रिपोर्टसारखे हजारो रिपोर्ट एकत्र झाले की कुठला जिवाणू कुठल्या औषधाला किती दबतो हे देशपातळीवर दिसतं. मार्च २०१४ पासून औषध कायद्यात 'एच-वन' नावाची वेगळी यादी लागू झाली. त्यात वरच्या पायरीची २४ अँटिबायोटिक्स आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची. २०१६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने लाल रेघेची मोहीम काढली. तुमच्या घरातली एखादी पट्टी उलटी करून पाहा, डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मी आईसाठी आणलेल्या पट्टीवरही रेघ होती. मी ती नक्षी समजले होते.

एप्रिल २०१७ मध्ये पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०१७ ते २०२१ साठी. त्याचं मोल असं की आरोग्य, पशुसंवर्धन, अन्नसुरक्षा, पर्यावरण या खात्यांना पहिल्यांदा एकाच कागदावर आणलं. जनावरांच्या बाजूला आयसीएआरने, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेने, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने स्वतःचं जाळं उभारलं, इनफार नावाचं. त्यात गाई-म्हशी, कोंबड्या, मासे यांच्यातले जिवाणू तपासतात. २०२४ मध्ये पशुवैद्यकांसाठी प्रमाण उपचार पद्धती निघाली, म्हणजे कुठल्या आजाराला कुठलं औषध, किती, आणि कुठे अँटिबायोटिक अजिबात नको.

पण आराखडा दिल्लीचा आणि अंमल राज्यांचा. औषधाच्या दुकानात जाऊन वही पाहायची ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, गोठ्यावर जायचं ते राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने. केरळने २०१८ मध्ये सर्वात आधी राज्याचा आराखडा केला, मध्य प्रदेश आणि दिल्ली मागून आले, बरीच राज्यं मागेच राहिली. केरळात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या दुकानांवर कारवाया झाल्या. आमच्या कोपऱ्यावर मला दोनदा विनाचिठ्ठी गोळी मिळाली, यावरून कागद आणि काउंटर यांतलं अंतर मोजता येतं. दुसरा आराखडा, २०२५ ते २०२९ साठी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झाला. यावेळी वेगवेगळ्या मंत्रालयांनी आपापल्या वाट्याची कामं मांडली आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात साधं कल्चर होऊ लागलं, तर मी म्हणेन आराखडा पोचला. आज तिथल्या डॉक्टरांपुढे तापलेला रुग्ण असतो आणि हातात रिपोर्ट नसतो, मग ते सगळ्यांवर चालेल असं जड औषध देतात. त्यांना नुसता दोष देऊन काय होणार?

पाण्याची बाजू सगळ्यात दुबळी. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात किती अँटिबायोटिक चालेल याची मर्यादा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या २०२० च्या मसुद्यात होती, २०२१ च्या अंतिम नियमांत ती राहिली नाही. याची हळहळ मला वाटते. नागपूरच्या माणसाला तर हे समजावून सांगायला नको. नाग नदी अंबाझरीपासून अख्ख्या शहराची घाण घेत जाते, कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. माणसाने किंवा जनावराने घेतलेल्या अँटिबायोटिकचा मोठा भाग न बदलता लघवी-शेणातून बाहेर पडतो. सांडपाण्यात ते औषध, रुग्णालयातले जिवाणू, गोठ्यातले जिवाणू सगळे एकत्र येतात, आणि चिठ्ठ्या सरकवायला याहून सोयीची जागा नाही.

आणि तरीही या कामासाठी नागपूरपेक्षा बरी जागा मला सुचत नाही. सांडपाण्यावर काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून इथे आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ इथलंच, पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथे. मेडिकल, मेयो आणि एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणीही नागपुरातच झाली. वन हेल्थ म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकच धरून काम करणं. नदी, गोठा आणि वॉर्ड यांचे नमुने एका शहरात, एका दिवसात, एकाच टेबलावर येऊ शकतात. ते तसे नेमाने यावेत, असं मला मनापासून वाटतं.

घरच्यापुरतं जे बदललं ते थोडं आहे. सर्दी, साधा घसादुखीचा ताप, फ्लू, डेंग्यू हे बहुतेक विषाणूंचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही; ते मागायचं नाही. 'कोर्स पूर्ण करा' याचा अर्थही मी नीट विचारून घेतला. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं असं नाही. पूर्वी दहा दिवस देत त्यातल्या कितीतरी आजारांना आता पाच दिवस पुरतात असं दिसलं आहे. क्षयरोगाचं मात्र वेगळं, तिथे महिनोन् महिने एकही दिवस चुकवून चालत नाही. किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं, बरं वाटलं म्हणून आपण नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात साठवायच्या नाहीत. आणि लस घ्यायची, कारण जो टायफॉइड झालाच नाही त्याला औषध लागत नाही.

दूधवाल्या भाऊंचं काम मात्र एवढं सोपं नव्हतं. २०१२ पासूनचा नियम असा आहे की जनावरांच्या अशा औषधावर, किती दिवस दूध किंवा मांस वापरायचं नाही हे छापलेलं हवं. छापलं नसेल तर दुधाला आणि अंड्यांना किमान सात दिवस, मांसाला अठ्ठावीस दिवस धरायचे. मी गोठ्यावर गेले तेव्हा भाऊंनी ट्यूबचं रिकामं खोकं आणून दाखवलं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. भाऊंनी ते कधी वाचलेलं नव्हतं, कुणी वाचून दाखवलेलंही नव्हतं. मी वाचलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग बोटांवर हिशेब केला. म्हैस दोन वेळचं मिळून आठ लिटर देते. "ताई, इतके दिवस आठ-आठ लिटर सांडू म्हणता? आणि पेंडीचे पैसे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आराखड्यांत मला जे वाचायला मिळालं त्यातही हिंगण्याच्या गोठ्याला पुरेल असं उत्तर दिसलं नाही. दगडी टाळता येते ते त्यांच्या डॉक्टरांनी दाखवलं: दूध काढायच्या आधी हात आणि सड धुऊन कोरडे करायचे, दूध काढून झालं की सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे, आणि म्हैस लगेच ओल्यात बसू नये म्हणून पुढे चारा टाकायचा. सुरुवातीलाच कास सुजलेली दिसली तर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप लावायचा, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तो सुचवतं. पण एवढं करूनही कधी ट्यूब लागणारच.

म्हणून आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी ठरवलं, ट्यूब चढवली की भाऊंनी सांगायचं, तेवढे दिवस आम्ही निम्मं दूध घेऊ आणि पैसे पूर्ण देऊ. गोठ्याच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर भाऊंची मुलगी, सातवीत आहे, म्हशीचं नाव लिहून लाल पेनने दिवसांभोवती गोल करते आणि खाली खोक्यावरचा आकडा मराठीत लिहिते. ऑक्टोबरपासून दोनदा गोल झाले, एकदा चंद्रीच्या नावाने चार दिवस आणि एकदा मंगळीच्या नावाने सात.